शोरूममधलं गोड बोलणं आणि कोटेशनमधला हिशेब

जानेवारी 2022 मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूला एक शेतकरी बोलेरो पिकअप घ्यायला महिंद्राच्या शोरूमवर गेला. सेल्समनने त्याचा अवतार पाहिला आणि खिशात दहा रुपये नसतील, दहा लाख कुठून आणणार, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं. शेतकरी तडक बाहेर पडला, तासाभरात दहा लाख रोख जमवून परत आला आणि म्हणाला, आता आजच्या आज गाडी द्या. ती काही त्या दिवशी मिळाली नाही आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी माणसाच्या प्रतिष्ठेविषयी ट्विट केलं, माफी मागितली गेली आणि पुढे गाडीही मिळाली.

गोष्ट सगळ्यांना आवडली, कारण ती सिनेमात शोभणारी होती. गाड्यांच्या दुकानातल्या वागणुकीचा विषय निघाला की आपण अशाच गोष्टी सांगतो. 'मी गाडी घेणार होते आणि सेल्समन सगळं नवऱ्याला समजावत होता.' 'दुचाकीवरून गेलो तर कुणी उठलंसुद्धा नाही.' 'बुकिंग झाल्यावर फोन उचलणं बंद.' या तक्रारी खऱ्या आहेत. पण माझ्या मते तो या प्रश्नाचा सोपा अर्धा भाग आहे. उर्मट सेल्समनला ताळ्यावर आणता येतं, आणि गेल्या पंचवीस वर्षांत हे काम बऱ्यापैकी झालंही आहे. मारुतीने 2015 मध्ये 'नेक्सा' शोरूम काढली तेव्हा हॉटेल आणि विमान कंपन्यांत काम केलेली मुलं-मुली मुद्दाम घेतली. आज कुठल्याही बऱ्या शोरूममध्ये पाणी येतं, कॉफी येते, 'सर-मॅडम' तर वाक्यागणिक येतं. भाषा सुधारली, हिशेब मात्र होता तिथेच आहे.

आधी चेहरा बघून भाव ठरवण्याबद्दल. हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकाने शिकागोच्या शोरूममध्ये तोतया ग्राहक पाठवले, सगळ्यांना घासाघिशीची एकच पद्धत शिकवून. गोऱ्या पुरुषांना सगळ्यात कमी भाव मिळाला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना त्याच गाडीचे जास्त पैसे सांगितले गेले. 1991 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे छाटणी तीन प्रश्नांत होते: सध्या कोणती गाडी आहे, राहायला कुठे, आणि लोन की कॅश? गंमत तिसऱ्याची आहे. रोख पैसे देणारा गिऱ्हाईक दुकानदाराला प्रिय असतो, असा आपला बाळबोध समज. इथे 'कॅश' म्हटलं की समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो. का, ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकाने हात जोडायचे, ही रीत मात्र फार जुनी. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनत होती आणि आकुर्डीत बजाज चेतक, तेव्हा डीलर गाडी विकत नव्हता, तो ती 'देत' होता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि नंबर लागलेला माणूस त्याच दिवशी वर 'ऑन' घेऊन ती दुसऱ्याला विकायचा. 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 बाहेर पडली, 1993 मध्ये मोटारींवरची परवान्यांची सक्ती गेली, 1998 मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि वर्षअखेरीस पुण्यात बनलेली इंडिका एकापाठोपाठ एक आल्या. ग्राहकाला प्रथमच 'नाही आवडली' म्हणण्याची चैन परवडू लागली. शोरूमला काचा लागल्या, एसी लागला, सेल्समनचा 'एक्झिक्युटिव्ह' झाला. टंचाई आली की मात्र जुना डीलर पुन्हा अंगात येतो. ऑक्टोबर 2021 मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 ची 25,000 बुकिंग 57 मिनिटांत झाली. एकीकडे चिपचा तुटवडा, दुसरीकडे ही झुंबड, आणि प्रतीक्षा महिनोन्‌महिने. अशा काळात बहुतेक लोकप्रिय गाड्यांच्या बाबतीत कानावर पडणारं वाक्य एकच: 'सर, ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलंत तर जरा आधी बघता येईल.' ही जुन्या 'ऑन'चीच पावतीसह नवी आवृत्ती.

आता कोटेशन. या सगळ्या प्रश्नाचं मूळ त्या एका कागदात आहे, म्हणून तो ओळीओळीने वाचू. एक्स-शोरूम आठ लाखांची पेट्रोल हॅचबॅक धरा, महाराष्ट्रात, स्वतःच्या नावावर. पहिली ओळ एक्स-शोरूम किंमत. ती कंपनी ठरवते, जीएसटी तिच्यातच आला. दुसरी ओळ रोड टॅक्स: दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे 88 हजारांच्या घरात. (दहा ते वीस लाखांना 12, त्यापुढे 13, डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त.) इथवर वाद नाही.

तिसऱ्या ओळीत बहुधा नुसतं 'आरटीओ' किंवा 'पासिंग' असं लिहिलेलं असतं आणि पुढे गोल आकडा. मोटारीचं नोंदणी शुल्क 600 रुपये, स्मार्टकार्डचे 200, कर्ज असेल तर बोजा चढवायचे 1,500. बेरीज करून बघा आणि मग तो गोल आकडा बघा. मधल्या फरकाबद्दल विचारलं तर 'एजंटचे असतात सर' असं उत्तर येतं, जणू एजंट ही निसर्गातून उगवलेली वस्तू आहे.

मग येतो विमा, आणि खरी कमाई इथे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशानुसार नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरवतं. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे 10,640 रुपये, वर कर. हा आकडा कोणत्याही विमा कंपनीकडे तोच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्याला जोडलेल्या झिरो डेप, इंजिन, टायर, चावी अशा शेपटांत. त्या भागावर कंपन्या भरपूर सूट देतात. शोरूमच्या कागदावर ती सूट बऱ्याचदा दिसत नाही. विमा नियामकाने 2017 मध्ये डीलरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: ग्राहकाला हवा तिथून विमा घेता आला पाहिजे, सक्ती करायची नाही. सक्ती होतही नाही. होतं ते असं: 'बाहेरून घेऊ शकता की, पण मग पंधरा हजारांचा डिस्काउंट बसणार नाही.' आणि हुकमी पान म्हणजे, 'बाहेरच्या पॉलिसीला आमच्याकडे कॅशलेस होत नाही.' पॉलिसी कुठून घेतली याचा कॅशलेसशी संबंध नसतो. त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं. शोरूममधल्या माणसाला हे आपल्यापेक्षा नीट माहीत असतं.

पुढची ओळ 'हँडलिंग चार्जेस'. ओरड झाली की हिचं नाव बदलतं. कधी लॉजिस्टिक्स, कधी डेपो, कधी नुसतं 'इतर'. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो, आणि वेगवेगळ्या राज्यांच्या परिवहन खात्यांनी हे वरचे पैसे घेऊ नका असं डीलरांना बजावलेलं आहे. तरी ओळ टिकून आहे. तिचा उपयोग दुहेरी असतो. जो विचारत नाही तो देतो. जो भांडतो त्याला ती 'खास तुमच्यासाठी' कापून देता येते आणि तो विजयी मुद्रेने विम्यावर सही करतो. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचंही तसंच. एप्रिल 2019 पासून नव्या गाडीची ती पाटी उत्पादकानेच पुरवायची आहे, तरी काही कागदांवर तिची वेगळी रक्कम दिसते. शेवटी 'एसेन्शियल किट': मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बाहेर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या चार वस्तू. त्याखाली टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग, वाढीव वॉरंटी. गाडी दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस लागतो. तो मात्र खरा कर आहे आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. हे सेल्समन क्वचितच सांगतो, बहुधा त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

नव्या गाडीच्या विक्रीत डीलरच्या हाती चार-पाच टक्के उरतात, असं या धंद्यातले लोक सांगतात. त्यातून जागेचं भाडं, पगार आणि गोदामात उभ्या गाड्यांचं व्याज जायचं, वर गिऱ्हाइकाला सूट. म्हणून नफा गाडीत शोधायचा नाही, तो गाडीच्या अवतीभवती शोधायचा: विम्यावरची दलाली, कर्जावर बँकेकडून मिळणारी रक्कम, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, पुढे सर्व्हिसिंग. रोखीचा ग्राहक ऐकून चेहरा का उतरतो, ते आता कळेल. समोरच्या पोराचा ठरलेला पगार बेताचा. खरी भिस्त इन्सेंटिव्हवर, आणि इन्सेंटिव्ह नुसत्या गाड्यांच्या संख्येवर नाही तर किती गाड्यांना 'इनहाउस' विमा लावला, किती फायली शोरूमच्या बँकेतून गेल्या, गाडीमागे किती हजारांच्या ॲक्सेसरीज खपवल्या, यावर. विमा बाहेरून घेणारा ग्राहक त्याच्या महिन्याच्या हिशेबात खड्डा पाडतो. तो तुमच्याशी गोड बोलतो आणि तुम्हाला फसवतो, या दोन्ही गोष्टी तो एकाच पगारासाठी करतो. त्याची बाजू घेतो आहे असं कुणी समजू नये. पण रागाचं सगळं माप त्याच्या पदरात घातलं की वरच्या मजल्यावरचा माणूस सुटतो, आणि त्याच्याही वरची कंपनी तर कायमचीच सुटते.

'साहेबांना विचारून सांगतो' म्हणत सेल्समन आत जातो तो नेहमी नाटकच करतो, असंही नाही. ऑगस्ट 2021 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड केला. प्रकरण आपल्याच भागातलं: कंपनीच्या 'वेस्ट-2' विभागातलं, म्हणजे मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. एका डीलरच्या नावाने आलेल्या निनावी ईमेलवरून चौकशी सुरू झाली. आयोगाच्या निष्कर्षाप्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट डीलरने द्यायची नाही असा दंडक होता. तो पाळला जातो का हे बघायला तोतया ग्राहक पाठवले जात, आणि सूट देताना सापडलं तर दंड केवळ डीलरला नाही, तर सेल्स एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांनाही. कंपनीने आदेशाविरुद्ध अपील केलं. पण या निकालाने शोरूमचं एक दृश्य उलटं करून दाखवलं: समोर बसलेला घासाघीस करणारा गृहस्थ खरा ग्राहक आहे की कंपनीचा हेर, ही धास्ती टेबलाच्या पलीकडेही असू शकते.

कंपनीचा दाब दुसऱ्या बाजूनेही येतो. कारखान्यातून गाडी निघून डीलरच्या आवारात आली की कंपनीच्या लेखी ती विकली गेली. पुढची डोकेदुखी डीलरची. डीलरांची संघटना 'फाडा' सांगते की साठा साधारण 21 दिवसांचा असावा. 2024 च्या सप्टेंबरात तो 80 ते 85 दिवसांवर गेल्याचं तिनेच जाहीर केलं. एवढ्या गाड्या व्याजाच्या पैशावर उभ्या असतील तर महिनाअखेरीस फोन का वाजतात, 'आज टोकन टाका, उद्या स्कीम संपते' हे का ऐकावं लागतं, याचं कोडं उरत नाही. स्कीम बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात नाव बदलून येते. जुन्या साठ्यातली गाडी नवी म्हणून गळ्यात मारण्याचा मोहही इथेच होतो. चॅसिस नंबरमध्ये निर्मितीचा काळ सांकेतिक अक्षरांत असतो आणि विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. पण ते वाचायची वेळ येते तोवर पैसे गेलेले असतात आणि गाडीला हार घातलेला असतो.

गोव्यातलं एक प्रकरण याच वळणाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ग्राहकाने 2011 मध्ये त्या वर्षीचं मॉडेल म्हणून पैसे मोजले. हातात पडली 2009 ची, आधीच काही शे किलोमीटर पळालेली गाडी. त्याने डीलर आणि टाटा मोटर्स दोघांवर दावा लावला. खालपासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, दोघेही जबाबदार ठरले. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून वगळलं: कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी, डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. ग्राहक मात्र शोरूमच्या दारावरचं कंपनीचं नाव वाचून आत जातो, डीलरच्या प्रायव्हेट लिमिटेडचं नाव त्याला पहिल्यांदा कळतं ते पावतीवर. सूट किती द्यायची यावर नजर ठेवायला कंपनीचा हात पोचतो आणि भरपाईच्या वेळी तो आखूड होतो, हे काही पटत नाही.

ग्राहकाचं मत कंपनी विचारत नाही असं नाही, अति विचारते. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा या दिवशी कोणत्याही शोरूममध्ये जाऊन डिलिव्हरीचा सोहळा पाहावा. गाडीवर साटीनचं कापड, बॉनेटवर फुलांचा हार, चाकाखाली लिंबू, हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली, पेढ्यांचा बॉक्स, आणि मागे रांगेत आणखी सहा कुटुंबं मुहूर्त टळतोय म्हणून घड्याळ बघत उभी. फोटो निघतो. मग एक्झिक्युटिव्ह वडिलांना जरा बाजूला घेतो आणि हळूच सांगतो, 'काका, दोन-तीन दिवसांत कंपनीतून फोन येईल. सगळ्याला दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आमच्या पगारातून जातं.' काका विरघळतात. सीट कव्हर अजून आलेलं नसतं, दुसरी चावी 'उद्या घरपोच' असते, गाडी कशी चालवायची हे समजावणं पाच मिनिटांत उरकलेलं असतं. फोन येतो, काका सगळ्याला दहा देतात. आठ द्यायचं धाडस केलंच तर तासाभरात शोरूममधून फोन: 'काका, असं का केलंत?' अशा रीतीने देशभरातली शोरूम कागदावर उत्कृष्ट ठरतात. वागणूक मोजण्याचं हे साधन इतकं बिघडलेलं आहे की ते नसतं तर कदाचित जास्त कळलं असतं.

लहान गावांचं थोडं निराळं. सांगली-लातूरकडे सेल्समन पंचक्रोशीतला असतो, बोलता बोलता पाहुण्यातला निघतो. तो उर्मटपणा करू धजत नाही, कारण बाजारच्या दिवशी समोर यायचं असतं. पण कोटेशन तिथेही तेच, उलट तुलना करायला दुसरा डीलर जवळ नसतो.

दाद मागायची वाट आहे आणि ती पूर्वीपेक्षा बरीच सोपी झाली आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन जातो, वकील सक्तीचा नाही. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पण मोबदला म्हणजे गाडीसाठी मोजलेली रक्कम, त्यामुळे पाच लाखांवरच्या गाडीला शुल्क लागतं, तेही किरकोळ. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सहा हजारांच्या हँडलिंगसाठी तारखा कोण करणार? डीलर नेमका या आळसावर पोसला जातो. सदोष गाडीचे, फिरवलेल्या मॉडेलचे खटले उभे राहतात, कोटेशनमधली पाच-दहा हजारांची गळती क्वचितच.

रचना बदलली तर वागणूक बदलते, याचा एक प्रयोग चाकणमध्ये गाड्या जोडणाऱ्या मर्सिडीज-बेंझने केला आहे. ऑक्टोबर 2021 पासून गाड्यांचा साठा कंपनीच्याच मालकीचा, देशभर एकच किंमत, बिल कंपनीचं. डीलरला गाडीमागे ठरलेलं कमिशन. साठ्याचं व्याज डोक्यावर नाही, शेजारच्या शहरातला डीलर जास्त सूट देईल ही भीती नाही, त्यामुळे महिनाअखेरची ओढाताण बरीच कमी. जुलै 2025 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आलेली टेस्ला तर डीलर नेमतच नाही. आठ लाखांच्या गाडीला हे जसंच्या तसं लागू होईल असं मला वाटत नाही. लाखो गाड्यांचा साठा स्वतःच्या पैशाने सांभाळायला कोणती कंपनी तयार होईल? आणि सुटीची घासाघीस बंद झालेली आपल्या ग्राहकालाही कितपत रुचेल?

त्यापेक्षा स्वस्तातला उपाय अमेरिकेने 1958 मध्ये कायद्याने केला: प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर उत्पादकाची छापील किंमतपट्टी, कोणत्या वस्तूचे किती आणि वाहतुकीचे किती यासकट. त्याने तिथले सेल्समन संत झाले नाहीत, एअर्सचा अभ्यास त्यानंतर तीन दशकांनी झालेला आहे. पण घासाघीस कुठून सुरू होते, ते तरी ग्राहकाला दिसतं. आपल्याकडे 'ऑन-रोड' नावाच्या एका गाठोड्यात सरकारी कर, सक्तीचा विमा, ऐच्छिक विमा आणि निव्वळ वरकमाई एकत्र बांधलेली असते, आणि तो कागद कित्येकदा लेटरहेडवरही नसतो. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, खाली 'व्हॅलिड टिल टुडे'. यातल्या सरकारी रकमा तरी लपवण्यासारख्या नाहीत. नव्या गाडीचा कर आणि शुल्क आता डीलरच्याच काउंटरवरून 'वाहन' पोर्टलवर भरलं जातं आणि प्रत्येक रकमेची पावती निघते. ती फाइलला लावलेली असते. बुकिंगच्या वेळीच, पोरगं गोड बोलत असताना, या रकमांची आणि विम्याची पूर्ण फोड लेखी मागावी, आणि पुढे ती पावतीही हवी असं सांगून ठेवावं. कोटेशनमधल्या दोन-तीन ओळी बहुधा तिथल्या तिथे बदलतात.